माझ्या कुत्र्याचं दुसरं घर

माझ्या कुत्र्याला दोन नावं होती. एक मी ठेवलेलं आणि एक नाल्यापलीकडच्या घरानं ठेवलेलं. दोन्ही मी इथं लिहिणार नाही. त्यांचं लिहायला हात धजत नाही, आणि माझं लिहिलं तर वाचणारेही त्याला त्या नावानं हाक मारतील. त्याची तेवढी वाटणी झाली ती पुरे झाली.

मी नर्स होते. मूळची घाटाखालची, पण नोकरीची बहुतेक वर्षं घाटावर, दुसरबीडच्या आसपासच्या उपकेंद्रांत गेली. लग्न केलं नाही. का नाही केलं हे लोकांनी विचारायचं सोडलं, तेव्हा मीही त्याचा विचार करायचं सोडून दिलं. रिटायर झाल्यावर भावानं बोलावलं होतं. पण भावाच्या घरात आत्या म्हणून कोपरा धरून बसण्याइतकी मी गरीब स्वभावाची नाही. गावापासून थोडं दूर दोन एकर शेत घेऊन ठेवलं होतं, तिथंच दोन खोल्या बांधल्या. पुढं ओटा, बाजूला टिनाची न्हाणी, न्हाणीला लागून आंघोळीचं पाणी तापवायची चूल. स्वयंपाक आत, गॅसवर. एकटीचा स्वयंपाक तो केवढा!

शेजार म्हणजे नाल्यापलीकडचं एकच घर. त्या घरची बाई माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तिची तिन्ही बाळंतपणं माझ्या हातची. तिसरं तर पायाळू होतं, आणि जीप यायला इतका उशीर झाला की ते मीच सोडवलं. आज तिच्या घरात सासू, नवरा, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडं आहेत. सगळे एकाच वेळी बोलतात. वारा इकडचा असला की त्यांच्या घरातलं भांडण मला माझ्या ओट्यावर बसून शब्दन् शब्द ऐकू येतं. मला त्या गोकुळाचा हेवा नव्हता, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. निदान कुत्रा येईपर्यंत तरी ते बऱ्यापैकी खरं होतं.

तो मला सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या, ढिगात सापडला. डोळे नुकते उघडलेले, पोटात काही नाही, आई कुठं दिसेना. बिनसुईच्या सिरिंजनं मी त्याला दर दोन तासांनी दूध पाजलं. नोकरीत मी कितीतरी बाळं जगात आणली, पुसली, गुंडाळली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिली. हे पहिलं असं होतं, की ते कुणाच्याही हातात द्यायचं नव्हतं. तांबूस रंग, उजवा कान उभा, डावा पडलेला. मोठा झाला तसा माझ्या मागं मागं फिरायला लागला. मी भेंडी तोडायला गेले की हा ओळीच्या टोकाला बसणार, मी न्हाणीत गेले की टिनाबाहेर बसणार. पहिली तीन वर्षं मी फार सुखात होते. माणसाला इतकं सुख झालं की ते दुसऱ्याला दिसू नये असं वाटतं, तसं मला वाटायचं.

मग त्याची सकाळची भाकर उरायला लागली.

मी नर्स. मला वाटलं, जंत झाले. जंताचं औषध पाजलं. भूक वाढेना, म्हणून महिन्याभरानं पुन्हा पाजलं. बिचारा दोन्ही वेळा दिवसभर मलूल पडून राहिला. त्याच्या जिभेचा रंग बघ, पोट दाबून बघ, असे माझे उद्योग चालले होते. एक दिवस पलीकडच्या म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या द्यायला मी सकाळीच नाला ओलांडून गेले, तर साहेब तिथं अंगणात! चार नातवंडं ओळीनं चहा-पोळी खात बसलेली, आणि त्या ओळीत पाचवा हा. समोर जर्मनच्या ताटलीत ताकात कुस्करलेली भाकर. मला पाहून शेपटी हलवली, पण उठला नाही. आधी ताटली चाटून संपवली.

"तुमचं पोट्टं रोज येते, सिस्टर," ती हसत म्हणाली. "सकायी सकायी हजर. ह्या पोरायच्या पह्यले त्याले पाह्यजे."

"रोज?" मी म्हटलं.

"हाव. साल झालं असंन. तुमाले माहीत नव्हतं काय?"

साल! दोन वेळा जंताचं औषध पाजलं मी त्याला. घरी येताना तो माझ्यापुढं उड्या मारत चालला होता, जणू मला तिथं त्यानंच नेलं होतं. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. कुत्र्याशी अबोला धरलेली बाई गावात मी एकटीच असेन. त्याला ते कळलंही नाही, म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवसापासून मी चंग बांधला. तिच्याकडं ताकातली भाकर, तर माझ्याकडं दुधातली. मग अंडं. मग रविवारी गावातून कोंबडीचे पाय आणून शिजवायला लागले. मी स्वतः माळकरी घरातली, नाक दाबून शिजवायचे. तो सगळं खायचा, मिशा चाटायचा, माझ्या पायावर डोकं घासायचा आणि पंधरा मिनिटांनी नाल्याच्या वाटेला लागायचा. ती बाई त्याच्यासाठी वेगळं काहीही करत नव्हती, हे मला फार लागायचं. उरलंसुरलं टाकायची, येता-जाता पदरानं माश्या हाकलायची, "सरक बे" म्हणून पायानं बाजूला करायची. एवढ्यावर तो खूश. आणि मी इथं अंडी उकडत होते.

तो खाण्यासाठी जात नाही हे मला कळायला वेळ लागला. तो गलक्यासाठी जात होता. माझ्या घरात दिवसभरात वीस वाक्यंही बोलली जात नसत. मग मी टीव्ही लावून ठेवायला लागले. मला त्या सासू-सुनांच्या मालिका मुळीच आवडत नाहीत. पण घरात बायका भांडताहेत असं त्याला वाटावं म्हणून आवाज मोठा करून ठेवायचे. तो दोन दिवस टीव्हीसमोर मान वाकडी करून बसला. तिसऱ्या दिवशी खरं भांडण ऐकायला निघून गेला.

तिचा नवरा एकदा बांधावर भेटला. "सिस्टर, तुमचा पोरगा तं आमच्या घरी घरजावई झाला," म्हणाला आणि खो-खो हसला. मीही हसले. घरी आले आणि दुसरबीडहून साखळी मागवली.

साखळीची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगते. तीन दिवस मी त्याला ओट्याच्या खांबाला बांधून ठेवलं. तो भुंकला नाही, ओढलं नाही, खाल्लंही नीट. फक्त नाल्याकडं तोंड करून पडून राहायचा. मी त्याचं पोतं उलट बाजूला, रस्त्याकडं अंथरलं. तो उठला, गोल फिरला आणि पुन्हा नाल्याकडं तोंड करून पडला. तिसऱ्या दिवशी तिची धाकटी नात पलीकडच्या काठावर उभी राहून त्याला त्यांच्या त्या नावानं हाका मारायला लागली. त्याची शेपटी अशी हलली की मला माझंच हसू आलं आणि रडूही आलं. मी साखळी सोडली. तो गेला. जेवायला मात्र घरी आला. मला तेवढंच पुरवून वापरायला शिकावं लागलं.

अशी वर्षं गेली. सकाळी तिचा, दुपारी माझा, संध्याकाळी ज्याच्या घरात जास्त मजा असेल त्याचा, झोपायला मात्र माझा. झोपायला तो माझ्याकडं येतो हे मी गावात कुणालाही, काहीही कारण नसताना सांगायचे.

या वर्षी हरभरा घाट्यावर आला तेव्हा तो पाणी फार प्यायला लागला. मग खाणं सोडलं. गुरांच्या डॉक्टरांनी पाहिलं, किडन्या गेल्या म्हणाले. वयही झालं होतं. सलाईन कातडीखाली कसं द्यायचं ते त्यांनी दाखवलं. दाखवायची गरज नव्हती. मी अंथरूण माझ्या खोलीत घातलं, खिडकीच्या खिळ्याला बाटली टांगली आणि ड्यूटीवर असल्यासारखी कामाला लागले.

आता जे लिहिते आहे ते कुणाला सांगितलेलं नाही. ते बारा दिवस मी सुखी होते. त्याच्यानं नाला ओलांडवत नव्हता. मी सकाळी उठले की तो तिथंच. भाजी निवडताना तिथंच, जेवताना तिथंच. माझ्या हातून पाणी प्यायचा, मी उचलून बाहेर नेलं की तेवढं करायचा, आणि डोळे माझ्यावर. तो मरत होता हे मला रिपोर्ट वाचणाऱ्या बाईला चांगलं कळत होतं, आणि तरी माझ्या मनात येत होतं, की आता कसा, आता कुठं जाशील!

ती चौथ्या दिवशी आली. हातात दुधात कुस्करलेली भाकर, वर पदर झाकलेला. मी दारातच उभी राहिले.

"कसा हाये आता?"

"झोपलाय. डॉक्टरांनी बाहेरचं काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. जे खाईल ते द्या, म्हणाले होते.

"बरं," ती म्हणाली. "नुसतं पाहून जातो मंग."

"आत्ताच डोळा लागलाय गं."

तेवढ्यात आतून आवाज यायला लागला. फरशीवर शेपटी आपटत होती. चार दिवसांत त्यानं मान नीट उचलली नव्हती. तिचा आवाज ऐकला आणि शेपटी धप, धप, धप. आम्ही दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून तो आवाज ऐकत होतो.

"जागा हाये ना, सिस्टर," ती हळूच म्हणाली.

मी बाजूला झाले नाही. नोकरीत मी कितीदा लोकांना वॉर्डाच्या दारातून परत पाठवलं आहे, ते सगळं त्या वेळी कामी आलं. तिनं वाटी ओट्यावर ठेवली आणि गेली. ती भाकर मी त्याला दिली नाही. चिमण्यांना टाकली. पुन्हा ती आली नाही. नातवंडांना मात्र नाल्याच्या काठापर्यंत पाठवायची, आणि ती पोरं तिथून माझ्या दाराकडं बघत उभी राहायची.

तेराव्या दिवशी सलाईनच्या बाटल्या संपल्या. सकाळी मी रिक्षानं दुसरबीडला गेले. दार नुसतं लोटून घेतलं; जो चार दिवस उभा राहिला नव्हता तो कुठं जाणार? दीड तासात परत आले तर दार उघडं आणि अंथरूण रिकामं. ओट्याखालच्या मातीत फरफटल्याची खूण होती, बांधावरून खाली उतरलेली. नाला कोरडा होता. वाळूत तो तीन ठिकाणी टेकला होता, हे खड्ड्यांवरून कळत होतं. माझ्या हातात बाटल्यांची पिशवी होती. ती तशीच घेऊन मी पलीकडं चढले.

तो तिच्या मांडीवर होता आणि गेला होता. सगळं घर भोवती. ती मोठ्यानं रडत होती, सुना रडत होत्या, पोरं रडत होती, म्हातारी खाटेवरून काहीतरी म्हणून रडत होती. मी वाकले, त्याच्या मागच्या पायाच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली, नाडी पाहिली, डोळ्याची पापणी उघडून पाहिली. "गेला," म्हटलं. सगळ्यांना माहीतच होतं. रडायची वेळ होती तेव्हा माझी नर्स झाली, आणि नंतर कुणासमोर रडायचं राहूनच गेलं.

"घरी आला, माय," ती म्हणाली. "कसा सरकत सरकत घरी आला."

घरी! इमानी कुत्रं मालकाच्या दारात जीव सोडत नाही, दूर कुठंतरी जातं, असं आमच्याकडं मानतात. मी ते घट्ट धरलं. तो आपल्या घरातून उठून परक्याच्या दारात गेला, म्हणजे घर माझंच. हे मी मनात तीनदा म्हटलं. मग म्हटलं, "मी त्याला नेते."

तिच्या नवऱ्यानं विहिरीजवळ जागा दाखवायला हात उचलला होता. तिनं त्याला नजरेनंच थांबवलं. "त्यायचा हाये. नेऊ द्या," म्हणाली. नवऱ्यानंच पोत्यात घालून आणला, माझ्या लिंबाजवळ खड्डा खणला. मी मीठ टाकलं, माती लोटली. तिचा नवरा परत गेल्यावर न्हाणीची चूल पेटवली, पाणी तापवलं, डोक्यावरून आंघोळ केली. माती देऊन आल्यावर आंघोळ करतात, म्हणून केली. गॅसला हात लावला नाही. पोटात काही जाण्यासारखं नव्हतं. ओट्यावर बसून राहिले.

ऊन कलल्यावर गावाकडून तीन बायका बांधावरून आल्या. पलीकडच्या घराच्या भावकीतल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर फडक्यानं झाकलेलं टोपलं. वाट माझ्या ओट्यावरूनच जाते.

"झालं काय जेवन, सिस्टर?" पहिलीनं विचारलं.

"कुठं चालल्या?"

"त्यायच्या घरी मरन झालं ना. चूल नाही पेटवली त्यायनं. लेकरं उपाशी हाये, म्हनून कडू घास घेऊन चाललो."

मरण झालं त्या घरी चूल पेटवायची नाही, शेजारच्यांनी पिठलं-भाकर करून न्यायची आणि घरच्यांना पहिला घास भरवायचा, ही इकडची रीत. माणसासाठी करतात, बैल गेला तरी काही घरी करतात. कुत्र्यासाठी केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कुणाचं मरण?" मी विचारलं. मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कुत्रं मेलं ना त्यायचं," ती म्हणाली. "तुमाले तं माहीतच असंन. तुमच्या इथला धूर दिसला दुपारी, म्हटलं सिस्टरचा सैपाक झाला."

त्यायचं! आणि माझ्या न्हाणीच्या धुरावरून गावानं ठरवलं, की माझ्या घरी कुणी मेलेलं नाही. मी त्याच्या नावानं आंघोळीला पाणी तापवलं, आणि त्याच धुरानं मला त्याची कुणी नसलेली करून टाकलं. बायका नाल्यात उतरल्या. अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी चप्पल न घालता त्यांच्या मागं निघाले.

अंगणात सतरंजी टाकलेली होती. मला पाहून बायका सरकल्या. "या सिस्टर, बसा," एक जण म्हणाली. भेटायला आलेल्या बाईला जागा देतात तशी मला जागा दिली. माझ्याच कुत्र्याच्या सुतकात मी पाहुणी!

"तो धूर न्हाणीचा होता," मी म्हटलं. आवाज इतका चढला की पोरं गप्प झाली. "मी सैपाक केला नाही. सकायपासून पानी प्याली नाही. तो माहा होता. कुटारातून मी काढला, मी पाजलं, मी पुरला. आन् तुमी टोपलं घेऊन माह्या दारावरून जाता?"

नोकरीत असताना मी जपून, शुद्ध बोलायचे. त्या दिवशी घाटाखालचं सगळं बोलणं बाहेर आलं. सासूनं खाटेवरून मान वळवली. टोपली घेऊन आलेल्या बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. मला वाटलं, आता शेजारीण बोलेल, आता भांडण होईल. व्हावं असं मला फार वाटत होतं.

तिनं एका टोपल्यावरचं फडकं काढलं. भाकर मोडली, पिठल्याला लावली. बायका म्हणाल्या, "आमी भरवतो ना, रीत हाये." तिनं हात मागं घेतला नाही.

"माह्या घरी रडाले दहा जन हाये," ती त्यांना म्हणाली. "सिस्टरच्या घरी कोन हाये? पयला घास त्यायचा."

आणि तो घास तिनं माझ्या तोंडापुढं धरला.

मला कीव नको होती, मला माझा हक्क हवा होता, आणि तो ती मला देत होती. आपल्या घरातली वस्तू शेजारणीला द्यावी इतक्या सहज. म्हणजे आतापर्यंत तो तिच्याकडंच होता. हे कळलं आणि वाटलं, घास हातानं उडवून द्यावा आणि घरी जावं. घरी गेले असते तर तिथं कुणी नव्हतं. तिचा हात तसाच होता, पिठलं बोटावरून ओघळत होतं, आणि तिची नातवंडं भुकेली होती. मी खाल्ल्याशिवाय त्यांना कुणी देणार नव्हतं.

मी तोंड उघडलं. घास गिळताना मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि दुसरा घास मोडायला घेतला. मला अजूनही तिचा रागच येत होता, आणि तो घास कधी येतो म्हणून मी तिच्या हाताकडं बघत होते.